चौथं वर्ष, कपाटातले १४० फॉर्म आणि उघडून बंद होणारा लॅपटॉप

तुझा प्रश्न दोनदा वाचला आणि लगेच उत्तर दिलं नाही, कारण घाईत चार ओळी खरडून 'होईल गं सगळं' म्हणावं असा तो नव्हता. तू लिहिलंयस ते असं की पीएचडीचं रजिस्ट्रेशन २०२३ चं, पार्ट टाइम, विषय नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातल्या औषधी वनस्पती आणि तिथल्या लोकांना त्यांची असलेली माहिती, दोन कॉलेजांत मिळून आठवड्याला १६ तास सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, शिकवणं, घरी सासूबाई आणि पाच वर्षांचा मुलगा, मुलाखतींचे १४० भरलेले फॉर्म कपाटात, रोज रात्री साडेदहाला लॅपटॉप उघडतेस आणि अकराला मिटतेस, गाईडना चार महिन्यांत भेटली नाहीस, आणि शेवटी 'मॅडम मला आता काही करावंसंच वाटत नाही, मी मुळात आळशी आहे का, सोडून देऊ का'. मीही वनस्पतिशास्त्राचीच, गवतांवर काम केलं, गेली २२ वर्षं गाईड आहे, माझ्याकडे सहा जणांची पीएचडी पूर्ण झाली आणि दोघांनी मधेच सोडली. तुला तू म्हणतेय, माझ्या विद्यार्थ्यांनाही तसंच म्हणते.

आळशी बाई १४० घरांमधे जाऊन बसत नाही. अकोल्याच्या त्या डोंगराळ भागात एसटीने जाऊन, पुढे पायी, म्हाताऱ्या माणसांच्या कलाने घेत एकेक फॉर्म भरायला काय लागतं ते मला माहितीये. तेव्हा तो शब्द आधी काढून टाक.

तू लिहिलेल्या सगळ्यात मी थांबले ती 'गाईडना चार महिन्यांत भेटले नाही' या ओळीवर. तू ती ओझरती लिहिलीस, सीएचबी आणि घरकामाच्या मधे, पण माझ्या मते गाडी तिथेच अडकलीये. दाखवायला काही नाही म्हणून भेटायचं नाही, भेटलं नाही म्हणून कोणी विचारत नाही, विचारत नाही म्हणून काम होत नाही, आणि आता चार महिन्यांनंतर नुसतं भेटायला जायचं तरी काहीतरी मोठं घेऊन जायला हवं असं वाटतं, म्हणजे एक चॅप्टर तरी. तो चॅप्टर रात्री साडेदहाला अर्ध्या तासात होणार नसतो, हे तुझ्या मनाला लॅपटॉप उघडायच्या आधीच कळलेलं असतं. मग अकराला तो बंद होतो. याला आपण 'मोटिव्हेशन गेलं' म्हणतो. मला ते बऱ्याचदा लपणं वाटतं, आणि लपण्यात जेवढी ताकद जाते तेवढी काम करण्यातही जात नाही गं.

हे मी स्वतः केलंय म्हणून सांगते. माझं रजिस्ट्रेशन १९९६ चं. दुसऱ्या पावसाळ्यात आंबोली, राधानगरी भागातून गवतं गोळा करून आणली होती, भरपूर, आणि त्याच वेळी आईचं आजारपण निघालं. मी गावाकडे ये-जा करत होते आणि परत आल्यावर डिपार्टमेंटला जायचं टाळत होते, मागच्या जिन्याने लॅबमधे जाऊन दहा मिनिटांत बाहेर पडायचे म्हणजे सर दिसू नयेत. पावसाळ्यात प्रेसमधले, म्हणजे नमुने दाबून वाळवायच्या चौकटीतले, पेपर रोज बदलायला लागतात, सुरुवातीचे काही दिवस तर लागतातच, नाहीतर नमुन्यांवर बुरशी धरते, हे तुला सांगायला नको. मी नाही बदलले. एक दिवस आमच्या लॅब असिस्टंटनी मला बाजूला बोलावून प्रेस उघडून दाखवली, ४३ नमुने काळे पडले होते. दोन दिवस मी काही खाल्लं नाही नीट. मग गेले सरांकडे, रडत सांगितलं. सर एवढंच म्हणाले, 'कुठले कुठले गेले त्याची लिस्ट कर, मग बघू या सीझनला परत काय काय मिळतंय.' लिस्ट केली, त्यातले ३१ त्याच वर्षी दिवाळीपर्यंत पुन्हा मिळाले, कारण बरीचशी गवतं सप्टेंबर-ऑक्टोबरमधे फुलोऱ्यावर असतात आणि अजून वेळ गेली नव्हती. पण मी अजून महिनाभर मागच्या जिन्याने गेले असते तर ते वर्षच गेलं असतं. सरांनी मला धीर वगैरे दिला नाही, त्यांनी मला यादी करायला लावली, आणि मी तेव्हापासून माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याला तेच करायला लावते.

तर तुझ्या १४० फॉर्मची यादी करू. 'डेटा एंट्री करायचीये' हे काम नाहीये, ते ढग आहे. उद्या एक फॉर्म घे, घड्याळ लाव, एक्सेलमधे भर: गावाचं नाव, माहिती देणाऱ्याचं वय, झाडाचं स्थानिक नाव, कुठला भाग वापरतात, कशासाठी, कसं देतात, नमुना क्रमांक. मुलाखतीचा फॉर्म साधारण दहा-बारा मिनिटांत होतो. बारा धर. १४० गुणिले १२ म्हणजे १६८० मिनिटं, म्हणजे २८ तास. आठवड्याला चार तास मिळाले तर सात आठवडे. चार महिने जो डोंगर तुझ्या छातीवर बसलाय तो २८ तासांचा आहे. मी असं म्हणत नाही की २८ तास कमी आहेत, तुझ्या दिनक्रमात ते कमी नाहीतच, पण ते मोजता येतात, आणि मोजता आलेलं काम रात्री झोपेत येऊन बसत नाही.

आता ते चार तास आणायचे कुठून. रात्री साडेदहानंतरचा अर्धा तास सोडून दे, पूर्ण सोड, तो वेळ कामाचा नाहीच आणि तिथे रोज हरल्यामुळे दिवसभराचं मन खराब होतंय. दिवसभर उभं राहून शिकवल्यावर, मुलाला झोपवल्यावर उरलेल्या मेंदूने नवीन लिखाण होत नाही, कोणाचंच होत नाही. तुझं टाइमटेबल बघ. दोन कॉलेजांच्या मधे बहुतेक सीएचबीवाल्यांना एक दीड-दोन तासांची पोकळी असते आणि ती स्टाफरूममधे जाते, म्हणजे चहा, कोणाचं तरी नॅकच्या (कॉलेजच्या मूल्यांकनाच्या) फाईलचं काम, 'मॅडम जरा एवढं टाईप करून द्या ना'. स्टाफरूममधे बसू नकोस. लायब्ररीत बस, फोन बॅगेत, फक्त फॉर्म भर. आठवड्यात दोन दिवस दीड-दीड तास निघाला तरी तीन तास झाले. आणि उरलेला वेळ रविवारी सकाळी, घराबाहेर. घरात बसून होणार नाही, तू दिसलीस की मुलगा येणार आणि त्याचं बरोबरच आहे. सासूबाईंशी बोलताना 'मला पीएचडीला वेळ हवाय' असं मोघम बोलू नकोस, मोघम मागणीला मोघम उत्तर मिळतं. 'रविवारी नऊ ते अकरा मी लायब्ररीत जाणार, साडेअकराला घरी, दिवाळीपर्यंत' असं सांग. माणसं ठराविक गोष्टीला पटकन तयार होतात, शेवट कधी ते त्यांनाही कळलेलं असतं.

एक गोष्ट आपल्या विषयाची म्हणून वेगळी सांगते कारण बाहेरचे लोक पीएचडीचा सल्ला देतात तो वर्षभर सारखं काम असणाऱ्यांसाठी असतो. आपलं काम पावसाच्या तालावर चालतं. ज्या वनस्पतींचे फुलोऱ्यातले नमुने अजून राहिलेत, त्यांच्यासाठी जुलै ते ऑक्टोबर फक्त फिरायचं, त्या काळात 'माझं लिखाण होत नाहीये' असा अपराधी भाव डोक्यात ठेवायचाच नाही. आणि लिखाण नोव्हेंबर ते मे. ओळख पटवायचे नमुने, म्हणजे एकाच नावाने लोक दोन वेगळी झाडं दाखवतात किंवा एकाच झाडाला तीन गावांत तीन नावं असतात ते सगळे गोंधळाचे, बाजूला काढून ठेव आणि एकाच फेरीत पुण्याला बोटॅनिकल सर्व्हे ऑफ इंडियाच्या पश्चिम विभागीय केंद्रात नेऊन दाखव, दर वेळी एक नमुना घेऊन धावू नकोस. शास्त्रीय नावं आता खूप बदललीत, जुन्या फ्लोरामधलं, म्हणजे त्या भागातल्या वनस्पतींच्या ग्रंथातलं, नाव तसंच लिहू नकोस, लंडनच्या क्यू गार्डनच्या प्लांट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन या वेबसाइटवर तपासून घे, ते काम मात्र थकलेल्या मेंदूनेही होतं, संध्याकाळी मुलगा खेळत असताना पाच नावं तपासता येतात. थकव्याच्या वेळी करायच्या कामांची अशी वेगळी यादी ठेव.

आणि डेटा भरला की लगेच गणित करून बघ, सगळे १४० व्हायची वाट बघू नकोस. ५० फॉर्म झाले की इन्फॉर्मंट कन्सेन्सस फॅक्टर काढ, म्हणजे माहिती देणाऱ्यांचं एकमत किती ते दाखवणारा आकडा. एका आजारगटासाठी आलेल्या एकूण वापर-नोंदींमधून त्या गटातल्या वनस्पतींची संख्या वजा करायची आणि त्याला एकूण नोंदी वजा एक याने भागायचं, एवढंच आहे. आकडा एकच्या जवळ आला म्हणजे लोक त्या आजाराला तीच ती मोजकी झाडं सांगतायत, शून्याकडे गेला म्हणजे प्रत्येकाचं वेगळं. पोटाच्या तक्रारींना काय येतं, ताप-खोकल्याला काय येतं, हे पहिल्यांदा स्क्रीनवर दिसतं ना, तेव्हा मी विद्यार्थ्यांचे चेहरे बदलताना बघितलेत. मोटिव्हेशन हे कामाच्या आधी येत नाही फारसं, पहिला निकाल दिसल्यावर येतं. तुला चार वर्षांत अजून एकही निकाल दिसलेला नाही, उत्साह येणार कुठून.

भाषेबद्दल तू काही लिहिलं नाहीस पण मी विचारतेच, कारण माझ्या आठ जणांपैकी पाच मराठी माध्यमातले होते आणि पाचही जण इथे अडकले. मुलाखती मराठीत, तुझा विचार मराठीत, शिकवतेस निम्मं मराठीत, आणि थिसिस इंग्रजीत. कोरं पान उघडलं की पहिलं वाक्य इंग्रजीत 'चांगलं' यायला हवं म्हणून हात थांबतो, आणि आपल्याला वाटतं की आपल्याला विषयच येत नाही. असं कर, फोनवर रेकॉर्डिंग चालू कर आणि तुझ्या टीवायच्या मुलांना समजावतेस तसं बोल: मी कुठे गेले, कुणाला भेटले, माणसं कशी निवडली, काय विचारलं. दहा मिनिटं. ते ऐकून मुद्दे लिही, मराठीतच, मग त्याचं साधं इंग्रजी कर, छोटी वाक्यं, कर्ता कर्म क्रियापद. थिसिसला अलंकारिक इंग्रजी लागत नाही. आणि सुरुवात पहिल्या चॅप्टरपासून करायची नाही, प्रस्तावना सगळ्यात शेवटी लिहितात. सुरुवात मटेरियल अँड मेथड्सपासून, कारण ते तू केलंयस, त्यात शोधायचं काही नाही, फक्त सांगायचं आहे. तक्ते आधी बनव, तक्त्याचं शीर्षक लिही, मग तक्त्यात काय दिसतं त्याची पाच वाक्यं. माझ्या एका विद्यार्थिनीचा अख्खा तिसरा चॅप्टर असाच तक्त्यांमधून उभा राहिला, बसून 'लिहिलेला' असा नाहीच. दुसऱ्याच्या थिसिसमधून परिच्छेद उचलायचा मोह अशा अडकलेल्या वेळीच होतो, तो टाळ. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतचं साम्य किरकोळ धरतात, त्याच्या वर गेलं की परत लिहून द्यावं लागतं आणि त्यात आणखी महिने जातात. संदर्भ झोटेरोमधे टाकत जा, संदर्भ साठवायचं सॉफ्टवेअर आहे, फुकट आहे, शेवटी हाताने सूची करणं म्हणजे नुसती दमछाक.

'माझी वेळ संपत आली' असं तू म्हणालीस, ते नीट बघू. यूजीसीचे पीएचडीचे नियम नोव्हेंबर २०२२ चे आहेत, त्यात कमीत कमी तीन वर्षं आणि जास्तीत जास्त सहा, मग पुनर्नोंदणी करून आणखी दोन वर्षं मिळू शकतात, आणि महिलांना त्यावर आणखी दोन वर्षांची सवलत असू शकते, एकूण दहाच्या वर नाही. शिवाय महिलांना प्रसूती किंवा बालसंगोपनासाठी पूर्ण काळात मिळून २४० दिवसांपर्यंत रजा मिळू शकते. मुलगा लहान असताना तू तो काळ तसाच ओढलास, कोणी सांगितलं नसेल. दर सेमिस्टरला आरएसीसमोर, म्हणजे संशोधन सल्लागार समितीसमोर, प्रेझेंटेशन असतं, त्याला लोक घाबरतात, पण खरं तर 'हे एवढं झालं, इथे अडकलेय' असं म्हणायची ती अधिकृत जागा आहे. पेपरचं, म्हणजे शोधनिबंध छापून आणायचं, टेन्शनही तू लिहिलंयस. थिसिस जमा करण्याआधी पेपर छापलाच पाहिजे ही सक्ती यूजीसीने २०२२ च्या नियमांत काढली, तुझ्या विद्यापीठाचा स्वतःचा नियम काय आहे ते पीएचडी सेक्शनला जाऊन विचार, आणि पैसे भरून आठ दिवसांत छापून देणाऱ्या जर्नलकडे अजिबात जाऊ नकोस.

गाईडकडे जाताना एक पान घेऊन जा. त्यावर वर लिही: १४० फॉर्म भरून झालेत, त्यातले इतके एक्सेलमधे आले. मग: पुढच्या सहा आठवड्यांत हे करतेय. मग: मला या दोन गोष्टींत तुमची मदत हवीये. चार महिने का आले नाही याचं मोठं स्पष्टीकरण नको, 'सर, कामाच्या ओढाताणीत येणं जमलं नाही, आता दर दुसऱ्या शनिवारी येईन' एवढं पुरे. गाईडच्या बाजूने सांगते, आम्हाला विद्यार्थी गायब झाला की राग कमी येतो, काळजी जास्त वाटते, पण आमच्याकडूनही फोन करायचा राहून जातो, ती आमची चूक आहे. सगळेच गाईड चांगले असतात असं मात्र मी म्हणणार नाही. काही जण विद्यार्थ्याकडून पेपर तपासून घेतात, घरची कामं सांगतात, स्वतःचे प्रोजेक्ट रिपोर्ट लिहून घेतात. तसं असेल तर प्रत्येक भेटीनंतर काय ठरलं ते दोन ओळींच्या मेलने त्यांना कळवत जा, नम्रपणे, तारखेसहित. पुढे आरएसीत बोलायची किंवा गाईड बदलून मागायची वेळ आली तर हातात कागद असतो. आणि वागणुकीत काही वावगं असेल तर कॉलेजची, विद्यापीठाची अंतर्गत तक्रार समिती त्याचसाठी आहे, तिथे एकटीने जाऊ नकोस, कोणाला तरी बरोबर घे.

आता तब्येत. माझी एक विद्यार्थिनी वर्षभर 'उत्साहच नाही' म्हणत होती, शेवटी तपासलं तर हिमोग्लोबिन ७.८ निघालं. तेव्हापासून मी आधी रक्त तपासायला सांगते, हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी१२. सगळं नॉर्मल असेल आणि तरी दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, मुलाबरोबरही आनंद वाटत नसेल, सारखं रडू येत असेल, तर ते पीएचडीचं दुखणं म्हणून सोडून द्यायचं नाही, डॉक्टरकडे जायचं. टेली मानस म्हणून सरकारी हेल्पलाईन आहे, १४४१६, चोवीस तास, मराठीत बोलता येतं, फुकट. जिवाचं बरंवाईट करून घ्यावं असा विचार एकदा जरी आला तरी त्याच दिवशी फोन कर आणि घरातल्या एका माणसाला सांग. बेल्जियममधे फ्लँडर्स भागात ३६५९ पीएचडी विद्यार्थ्यांचा अभ्यास झाला होता, २०१७ मधे आला, त्यात जवळजवळ एक तृतीयांश जणांना मानसिक आजाराचा धोका दिसला, आणि त्याचा संबंध घर-कामाच्या ओढाताणीशी, कामाच्या बोज्याशी, गाईडच्या पद्धतीशी होता. तिथे पगार मिळतो, चांगल्या लॅब आहेत, तरी. तू सीएचबीवर, फेलोशिपशिवाय, घर सांभाळून हे करतेयस.

सोडायचं का. माझ्याकडच्या ज्या दोघांनी सोडली त्यातल्या एकाने नीट विचार करून, मला सांगून, जमवलेला डेटा व्यवस्थित देऊन सोडली, आज तो नर्सरी चालवतो, दर पावसाळ्यात मला रोपं पाठवतो. दुसरी हळूहळू यायची बंद झाली, फोन उचलेना, आणि कित्येक वर्षांनी एका लग्नात भेटली तर माझ्याकडे बघेना. सोडण्यात लाज काहीच नाही. तुझी सेट, म्हणजे राज्याची प्राध्यापक पात्रता परीक्षा, झालीये, आणि जुलै २०२३ पासून असिस्टंट प्रोफेसरच्या पदासाठी नेट-सेट ही किमान पात्रता आहे, पीएचडी ऐच्छिक. म्हणजे पीएचडी सोडली तर तुझी शिकवायची पात्रता जात नाही, ती भीती बाजूला ठेवून विचार कर. फक्त परीक्षांच्या सुपरव्हिजनच्या आठवड्यात, रात्री अकराला, लॅपटॉप मिटता मिटता हा निर्णय घेऊ नकोस. सहा आठवडे वर सांगितलं तसं करून बघ, ५० फॉर्मचा पहिला निकाल बघ, आणि तेव्हाही नको वाटलं तर गाईडना तोंडावर सांगून सोड.

सोडलीस तरी किंवा केलीस तरी एक काम मात्र तुला करावं लागेल असं मला मनापासून वाटतं. ज्या लोकांनी तुला हिरड्यापासून कंदमुळांपर्यंत सगळं सांगितलं, त्यांच्या गावाला ती यादी परत द्यायची आहे, मराठीत, स्थानिक नावांसहित. ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती असते, लोक जैवविविधता नोंदवही असते, ती तुझ्या गावांमधे कितपत भरलीये ते विचार आणि लोकांची संमती असेल तेवढी माहिती त्यात जाऊ दे. मागच्या वेळी भेटलेल्या म्हाताऱ्यांपैकी काही आता नसतीलही. एक रविवार लायब्ररीऐवजी तिकडे जा, फॉर्म न घेता.

उद्या एक फॉर्म भर, घड्याळ लावून. शनिवारी मला फक्त आकडा कळव, किती झाले. शून्य झाले असतील तर शून्य असं कळव, पण कळव.